बारीक दोरीचा जाड धडा

रविवारची सकाळ, गजर न लावता जाग आली, असं शेवटचं कधी झालं होतं? माझं गेल्या थंडीत झालं. पाचला उठलो, बाइकला किक मारली, जबलपूर रोड धरला. मनसरला तर्री-पोहे हाणले आणि उन्हं वर यायच्या आत रामटेकच्या पलीकडच्या एका मामा तलावावर हजर!

मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावाला ‘माजी’ चिकटलं. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. माझ्या पाठीवर होता फ्लाय रॉड, आतेभावानं स्कॉटलंडहून आणलेला. या तलावाची मासेमारी गावातल्या सहकारी संस्थेकडे आहे. त्यांना आधी विचारलं. ‘टाका की गरी, पण मासा संस्थेचा,’ एवढीच अट. डील!

आता थोडा फंडा. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नसतं, म्हणून फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी. पण ती माशाच्या डोक्यावर पडली तर मासा पसार. म्हणून तिच्या पुढे लीडर, म्हणजे जाडाकडून बारीक होत जाणारी पारदर्शक दोरी. नेहमीची नऊ फुटांची, संथ पाण्यात बारा किंवा जास्तही. लीडरच्या टोकाला टिपेट, दोन-तीन फुटांचा सगळ्यात बारीक तुकडा. फ्लाय बदलताना दर वेळी थोडा कापला जातो तो हाच. महागडा लीडर वाचतो.

टिपेटवर 3एक्स, 5एक्स असं लिहिलेलं असतं. पूर्वी ही दोरी रेशमाच्या किड्यापासून काढायचे आणि बारीक करायला धातूच्या भोकातून ओढायचे. जितक्यांदा ओढली, तितके एक्स. आजचा हिशेब सोपा आहे : 11 मधून एक्सचा आकडा वजा करा, जाडी मिळते, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे 5एक्स सहा हजारांश, जेमतेम 0.15 मिलिमीटर. आकडा मोठा, दोरी बारीक.

सगळी पुस्तकं ट्राउटवाल्यांची. मीही ऐटीत 5एक्स लावली. बाजूला बांबूची काठी घेऊन बसलेले ढीवर काका बघत होते.

‘‘कायले एवढी बारीक लावता जी?’’

‘‘माशाला दिसू नये म्हणून, काका.’’

काका नुसतेच हसले.

अर्ध्या तासानं दोरी ताणली गेली. काय दम होता राव! मासा थेट पाणवनस्पतीत घुसला, मी घाईत खेचलं आणि टक्! रॉड सरळ, मी वेडा.

‘‘मासा गेला तं जाऊ द्या,’’ काका म्हणाले. ‘‘पण तोंडात तुमची गरी न् दोरी घेऊन गेला नं. आता तो खाईन कसा? मागच्या साली एक बगळा पायाले अशीच दोरी गुंडाळून मेला इथं.’’

ऑफिसात डेडलाइन चुकली तर मेल टाकून सॉरी म्हणता येतं. इथं कोणाला म्हणणार?

मग काकांनी स्वतःची दोरी दाखवली. वर जाड, शेवटचा हातभर तुकडा थोडा बारीक. ‘‘अडकली तं हेच तुटते, बाकीची वाचते.’’ म्हणजे टिपेटच की! फक्त माझ्यापेक्षा दुप्पट जाड. कारण समोरच होतं. स्कॉटलंडचं पाणी काचेसारखं, इथलं हिरवं, गढूळ. इथं माशाला दोरी फारशी दिसतच नाही, मग बारीक करून मिळवलं काय? तुटण्याची भीती. शिवाय कोमट पाण्यात मासा जितका वेळ झुंजतो, तितका थकतो. जाड दोरीनं तो पटकन हाती येतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी 3एक्स, 0.20 मिलिमीटर. मरळसाठी त्याहून जाड हवी, तिला दात असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला साधं नायलॉन लावलं. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं, घासलं तरी टिकतं, पण जड असल्यानं फ्लायला खाली ओढतं, आणि तुटून पडलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली केली, कोरडी गाठ घासून कमजोर होते. गरीचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकला. पुन्हा दोरी तुटलीच, तर गरी निसटायला सोपी.

दहाच्या सुमारास तळहाताएवढा तिलापिया आला. काकांच्या टोपलीत टाकला. त्यांनी माझी गाठ अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, ‘‘आता बराबर.’’

अप्रेझलमध्ये इतकं भारी कधी वाटलं नव्हतं.

तुम्हीही जाणार असाल तर आधी संस्थेला विचारा. आणि गोळ्यांची एक रिकामी डबी खिशात ठेवा. कापलेल्या दोरीचे तुकडे त्यात टाकायचे आणि घरी आणायचे. माझी डबी आता अर्धी भरलीय. पहिल्या दिवशीचा तुकडा मात्र तिच्यात नाही.