कवीला उत्तर द्यायला हवं

आमच्या चिमूर तालुक्यात खंजिरी आधी कानावर पडते, कवीचं नाव मागाहून कळतं. माझंही तसंच झालं. दिवेलागणीला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असायची. सतरंज्या अंथरायच्या, समोर अधिष्ठान मांडायचं, भगव्या टोप्या घातलेले म्हातारे पुढे आणि आम्ही पोट्टे मागे. प्रार्थना होईपर्यंत आम्ही पेंगायचो. मग कोणी खंजिरी उचलली की गाव जागं व्हायचं. दारू, हुंडा, भोंदू बुवा, भजनात सगळ्यांची हजेरी लागायची. बायका पदराआड हसायच्या. ज्यांच्यावर रोख असायचा ते गडी मान खाली घालून ठेका धरायचे.

ती भजनं तुकडोजी महाराजांची. 30 एप्रिल 1909 ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला माणिक तरुणपणी घर सोडून आमच्याच रानात, रामदिघीला नि गोंदेड्याच्या गुंफेत राहिला, याचा आमच्याकडे केवढा अभिमान! 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं. त्यामागे या भजनांची धग होती असं जुनी माणसं सांगत. इंग्रज सरकारलाही तसंच वाटलं असावं. ऑगस्ट सरता सरता महाराजांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर, रायपूरचे तुरुंग त्यांनी पाहिले. गाण्यासाठी माणसाला तुरुंगात टाकतात, ही गोष्ट मला लहानपणी फार थोर वाटायची.

पुढे मराठी घेऊन शिकलो. आमच्या वर्गात संतकाव्य तुकोबांच्या आसपास येऊन थांबायचं; खंजिरीला तिथे जागा नव्हती. महाराजांची 'ग्रामगीता' मी सलग वाचली ती गडचिरोलीत नोकरीला लागल्यावर, पावसाळी रात्री. 1955 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ, 41 अध्याय, 4,675 ओव्या. त्यात ग्रामशुद्धी आहे, गोवंशसुधार आहे, यात्रा-मेळे आहेत, अंत्यसंस्कारही आहेत. गावातल्या घाणीवर आणि गुरांच्या वाणावर ओवी लिहायला कवी धीटच लागतो.

त्याच काळात इंग्रजी शिकवणाऱ्या एका मित्राने रॉबर्ट बर्न्सची ओळख करून दिली. स्कॉटलंडच्या अ‍ॅलोवे गावचा शेतकऱ्याचा पोर, जन्म 25 जानेवारी 1759. नांगर धरला, पुढे अबकारी खात्यात नोकरी केली, गावच्या बोलीत गाणी लिहिली, धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या ढोंगाला झोडपलं आणि 1796 मध्ये, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी गेला. मला तो लगेच ओळखीचा वाटला. तसं दोघांचं आयुष्य मुळीच सारखं नाही: आपले महाराज दारूबंदीचे प्रचारक, तर बर्न्सने दारूवर प्रेमाने लिहिलेलं.

पण त्याहून नवल वाटलं ते त्याच्या स्मरणाच्या रीतीचं. 1801 मध्ये नऊ मित्र त्याच्या जन्मघरी जेवायला जमले. तीच पंगत आता दर 25 जानेवारीला जगभर बसते. मेंढीच्या वझडीत काळीज, फुप्फुस आणि ओट भरून केलेलं हॅगिस बॅगपाइपच्या सुरात वाजतगाजत आणतात. सुरी चालवण्यापूर्वी त्याच्यावरची बर्न्सची कविता म्हणतात. मग एक जण कवीच्या थोरवीवर बोलतो. नंतर पुरुष बायकांची थट्टामिश्रित तारीफ करतो आणि एखादी बाई उठून त्याला चोख उत्तर देते. शेवटी हातात हात गुंफून सगळे बर्न्सचं गाणं गातात.

आपल्याकडेही रीत आहे, आणि तीही साधी नाही. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीच्या गुरुकुंजात महाराज गेले. दर वर्षी अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास लाखो माणसं तिथे जमतात आणि दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सारी गर्दी मौन उभी राहते. आमच्या भागातून धान कापणीच्या तोंडावरही माणसं जातात. जायला जमलं नाही तर गावातच त्या वेळेला उभी राहतात. मीही उभा राहिलो आहे. त्या शांततेची थोरवी मला कळते.

तरी मनात एक खुपतं. माझ्या पदवीवर नुसतं 'नागपूर विद्यापीठ' आहे. 2005 साली त्याला महाराजांचं नाव मिळालं. पुढे 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि त्यांच्या तपोभूमीतली कॉलेजं त्या नावाबाहेर पडली. त्याचं मला फारसं काही नाही. नावं देणं सोपंच असतं. राष्ट्रसंत म्हटलं, हार घातला, की त्यांच्या ओवीशी वाद घालायचं धाडस कोणी करत नाही. पदराआडचं ते हसू, मान खाली घालणारा तो गडी, हे स्मरणातून गळून पडलं. स्कॉटिश लोकांनी आपला कवी गुणदोषांसकट ताटाशेजारी बसवला. आम्ही आमचा इतका उंच बसवला की त्याचा विनोद खालपर्यंत ऐकूच येत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. गावोगावच्या पुण्यतिथीला मौन झालं, प्रार्थना झाली, की ग्रामगीतेतला एक अध्याय वाचावा आणि कोणीतरी उठून त्याला उत्तर द्यावं. पहिल्या वर्षी 'महिलोन्नती' घ्यावा आणि उत्तर बचत गटातल्या बाईने द्यावं: यातलं काय झालं, काय राहिलं, आणि कुठे महाराजांचंही तिला पटत नाही. सभेत थोडी कुजबुज होईल, एखादा म्हातारा रागावेल. चालेल. भर सभेत समोरच्यांची हजेरी घेणाऱ्या कवीला उलट उत्तराचं वावडं असेल, असं मला वाटत नाही.