पाठींतील सुई

बालपणीं मंगळवार पेठेच्या तालमींत जोर-बैठका काढलेल्या आमच्या पाठीस साठीनंतर रंकाळ्याची एक फेरीहि जड झाली. मणक्यांमधील गादी सरकून नस दबली होती. कळ थेट पोटरींत उतरे. डॉक्टरांनीं मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर स्टेरॉइडचें इंजेक्शन सुचविलें. कण्यांत सुई म्हणतांच आम्हांस घाम फुटला. पॅरिसमध्यें १९०१ सालींच या वाटेनें कोकेन टोचलें होतें, असें सांगून त्यांनीं धीर दिला! नसेची सूज ओसरेल, गादी जागेवर येणार नाहीं. व्यायाम हवाच, हेंहि बजाविलें. आम्हीं पूर्वार्धच ऐकला. आठवड्यानें फेरी पुरी झाली. रक्तांतली साखर कांहीं दिवस चढली, तिचा बोभाटा घरांत झालाच. तीन महिन्यांनीं कळ परतली. व्यायामाचा कागद खुंटीवरच होता.