‘निग्लिजिबल म्हणजे काय हो मामा?’

परवा रात्री साडेदहाला शेवटची बातमी पाठवून मोकळा झालो आणि बघतो तर भाची अजून वही उघडून बसलेली. बारावी सायन्स. फिजिक्सचा होमवर्क. तासाभरापासून पान तेच.

"काय करायलीस गं?"

"गणित सुटना गेलंय."

"फॉर्म्युला आठवंना का?"

"फॉर्म्युला येतोय हो मामा. हे निग्लिजिबल म्हणजे काय?"

थोडं आधीचं सांगतो. अक्का आणि दाजी दिवाळी करून टोळीबरोबर कारखान्यावर गेलेत. आता पट्टा पडल्यावरच येतील, म्हणजे मार्च-एप्रिल. पोरगी बारावीला, म्हणून ती माझ्याकडं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात पेपरात नाव छापून येणारा मी एकटाच, त्यामुळं तिच्या अभ्यासाचं खातंही माझ्याकडंच आलं. हे खातं माझ्याकडं असणं हा एक विनोद आहे, त्यावर येतोच.

गणित असं होतं. दीड व्होल्टचा सेल. त्याच्या आतला रोध अर्धा ओहम. बाहेर अडीच ओहमचा रोध जोडलाय आणि मध्ये एक अमीटर, ज्याचा रोध ‘निग्लिजिबल’. करंट किती? आणि सेलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज किती? पोरीला वाटत होतं की अमीटरचा रोध कुठंतरी दिलेला असणार आणि आपल्यालाच दिसत नाही. तासभर ती तो आकडा शोधत होती. मोबाईलवर अर्थ बघितला तर त्यानं सांगितलं ‘उपेक्षणीय’. आता घ्या. हा शब्द मी वीस वर्षं पत्रकारितेत राहून एकदाही लिहिलेला नाही.

मी म्हणलं, "नसल्यात जमा."

"मंग तसं लिहायचं ना!"

दोन मिनिटांत झालं. एकूण रोध तीन ओहम, करंट अर्धा अँपिअर, टोकांवर सव्वा व्होल्ट. उत्तर लिहून झाल्यावर तिनंच विचारलं, "दीडातलं पाव व्होल्ट गेलं कुठं?" मी गप्प. तिनंच सांगितलं, ते सेलच्या स्वतःच्या पोटात गेलं, आतल्या रोधात. मग वहीच्या कडेला तिनं स्वतःचं एक गणित मांडलं. सेल जुना झाला आणि आतला रोध अर्ध्याचा पाच ओहम झाला तर? एकूण साडेसात. करंट फक्त ०.२ अँपिअर. टोकांवर अर्धा व्होल्ट. आत एक व्होल्ट जळून चाललाय.

"म्हणून आईची बॅटरी पेटंना मामा! सेल तर चांगला दाखवतोय म्हणायचा तो दुकानदार."

अक्काची जुनी बॅटरी या खेपेला घरीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यातला एक सेल घेऊन आम्ही ओळखीच्या टीव्ही-मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं गेलो. त्याच्या मल्टिमीटरवर मोकळा सेल १.३८ दाखवत होता. त्यालाच बल्ब जोडला तर आकडा अर्ध्याच्या खाली घसरला. पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिनं लगेच पुढचं विचारलं. आई सेल उन्हात ठेवती, मग थोडा वेळ पेटती, तर ऊन लागून आतला रोध कमी होत असंल का? रिपेअरिंगवाला आयटीआय झालेला माणूस, हातातलं काम ठेवून म्हणाला, "होतो थोडा येळ. तुला कुणी सांगितलं?" कुणीच नाही.

आता माझा विनोद. १९९५ साली मीही सायन्सला होतो. बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, दोनशे मार्कांचं, कारण सगळे म्हणायचे मार्क पडतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्या काळात बऱ्याच ठिकाणी तसंच होतं. लॅबमध्ये ऑसिलोस्कोप होता, पण कपाटात. किल्ली सरांकडं आणि सर गावाला. डायोडचा ग्राफ मी जर्नलमध्ये इतका सुबक काढला होता की वर्गात फिरला. डायोड मात्र वर्षभरात हातात घेतला नाही. मागच्या वर्षीच्या पोराचं जर्नल, त्यानं त्याच्या आधीच्याचं उतरवलेलं. बारावीला फिजिक्समध्ये उडालो, आर्ट्सला गेलो, पुढं पत्रकारितेची पदविका केली. आज कळतंय की मला फिजिक्स जड गेलंच नव्हतं. मी फिजिक्सपर्यंत पोचलोच नव्हतो, इंग्रजीतच अडकलो होतो.

हे दुखणं तीस वर्षांनी तसंच आहे. दहावीपर्यंत आपलं पोरगं मराठीतून शिकतं: विभवांतर, विद्युतधारा, रोधांची एकसर जोडणी, समांतर जोडणी. कसं का असंना, त्याला ते समजलेलं असतं. दोन-तीन महिन्यांची सुट्टी जाते आणि अकरावीला पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. एकसर जोडणीची सिरीज झाली हे कुणी थांबून सांगत नाही. आणि गंमत बघा, त्याच्या पुढं परत मराठी आहे! नीट मराठीतून देता येते. सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री मराठीतून सोडवता येतं. २०२१ पासून इंजिनिअरिंगसुद्धा मराठीतून शिकवायला परवानगी आहे. म्हणजे अलीकडचा काठ मराठी, पलीकडचाही थोडाफार मराठी, आणि मधल्या दोन वर्षांत पूल नाही. ज्यांची ऐपत आहे ते लातूरला क्लासला जाऊन ही नदी ओलांडतात. बाकीचे काठावर जर्नल उतरवत बसतात.

एक प्राध्यापक मित्र म्हणाला, "मराठीत समजावतो आणि इंग्रजीत लिहून देतो. दुसरं काय करू? पेपर तर इंग्रजीच आहे." त्याचंही खोटं नाही.

फिजिक्सचे शंभर मार्क, त्यातले सत्तर लेखी, तीस प्रात्यक्षिकाचे. हे तीस कसे पडतात ते जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. परीक्षेत कॉपी पकडायला पथकं येतात, यावीतही. पण जुलै-ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं का, हे बघायला कोणतं पथक आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आमचंही चुकतंच. निकालाच्या दिवशी पेढा भरवतानाचा फोटो आणि ‘ऊसतोड मजुराच्या मुलीचं यश’ हे हेडिंग मी स्वतः कितीदा दिलंय. त्या पोरीनं डिसेंबरातल्या रात्री कोणत्या शब्दावर तासभर घालवला, हे कधी विचारलं नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, राज्यात ८२ वसतिगृहं ठरली. चांगलं काम आहे, पोरं कोयत्यामागं जायची वाचतात. जेवणाची, झोपायची सोय होते. पण रात्री साडेदहाला ‘निग्लिजिबल म्हणजे काय’ हे तिथं कुणाला विचारायचं?

काल रात्री अक्काचा फोन आला. गाडी भरून नुकत्याच खोपीवर आल्या होत्या. पोरीनं सेलचं सगळं सांगितलं, आतला रोध, पाव व्होल्ट, ऊन. अक्का ऐकून घेऊन म्हणाली, "बरं बाई, पण जेवलीस का?" मग थोड्या वेळानं, "म्हंजी सेलात दम असतोय, पर बाहीर येत नाई, आसंच ना?" पोरगी म्हणाली, "आसंच." दाजींनी मागून विचारलं, याच्यावर परीक्षेत मार्क हायेत का. आहेत, तीन.

पोरीनं आता वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केलीय. निग्लिजिबल: नसल्यात जमा. रिस्पेक्टिव्हली: ज्याचं त्याला. आयडियल: फक्त पुस्तकात असतो तसा. थ्रू: मधून, करंटसाठी. अक्रॉस: या टोकापासून त्या टोकापर्यंत, व्होल्टेजसाठी. हे शेवटचे दोन मला बारावीत कुणी सांगितले असते तर आज ही पोस्ट दुसऱ्या कुणीतरी लिहिली असती. काल रात्रीपर्यंत एक्केचाळीस शब्द झालेत.

फिजिक्स शिकवणाऱ्या मित्रांनी ही यादी एकदा तपासून द्यावी, चुका असतील तर सांगाव्यात. पंधरा दिवसांत ती टाईप करून घेतो. ज्यांच्या घरी, शेजारी, वसतिगृहात बारावीचं लेकरू आहे त्यांनी कळवा, झेरॉक्स माझ्याकडून. फक्त ‘उपेक्षणीय’ पाठवू नका.