मोबाईल भरला? पुसण्याआधी मेमरी कार्डचा विचार करा



'स्टोरेज फुल' अशी सूचना आली की बरेच जण गॅलरी उघडून दिसेल ते डिलीट करत सुटतात. शहरात हे चालून जातं, कारण पुसलेला व्हिडिओ रात्री पुन्हा डाऊनलोड होतो. आपल्या भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या गावांत तसं नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. तेव्हा मोबाईलमध्ये असेल तेवढंच आपलं. म्हणून आधी तीन ढीग करा.

१) नको असलेलं : गुड मॉर्निंगचे फोटो, पाच ग्रुपवर आलेली एकच सूचना. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. इथे मोठ्या फाईल वर दिसतात. बिनधास्त पुसा.

२) पुन्हा मिळू शकणारं : बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, कविता, दीक्षा ॲपमधले पाठ. हे कार्डवर हलवा. दीक्षाच्या डाऊनलोड विभागात साहित्य मेमरी कार्डवर साठवायची सोय आहे. बाकीच्या फाईल फाईल मॅनेजरमधून 'मूव्ह' करा.

३) पुन्हा कधीच न मिळणारं : जूनमध्ये फक्त माडियात बोलणारं पहिलीचं लेकरू मार्चमध्ये मराठी वाक्य वाचतंय, तो व्हिडिओ. मुलीने आजीकडून ऐकून वर्गात सांगितलेली गोंडी गोष्ट. हे कोणत्या सर्व्हरवरून परत आणणार, सांगा बरं? याची एक प्रत कार्डवर आणि दुसरी शाळेच्या संगणकात किंवा पेनड्राइव्हमध्ये हवीच. कार्ड काही न सांगता एक दिवस बंद पडू शकतं. फाईल कार्डवर हलवली म्हणजे मोबाईलमध्ये जागा झाली, पण फाईल सुरक्षित झाली असं नाही.

आता कार्ड टाकताना लक्षात ठेवा :

• अँड्रॉइड ६ पासून (२०१५) काही मोबाईल विचारतात, कार्ड 'पोर्टेबल' हवं की 'इंटर्नल'? आपल्या कामाला 'पोर्टेबल' बरं. 'इंटर्नल' केलं तर कार्डवरचं सगळं आधी पुसलं जातं आणि नंतर ते कार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये वाचता येत नाही. मोबाईल बिघडला तर मुलांचे व्हिडिओही अडकले!

• कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डवर साठवायचा पर्याय असेल तर तो आधी निवडा.

• बऱ्याच मोबाईलमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांची जागा एकच असते. गावात एका कंपनीचं नेटवर्क, तालुक्याला दुसऱ्या कंपनीचं, म्हणून दोन्ही सिम लागतात. अशा वेळी, किंवा कार्डची जागाच नसेल तर, ओटीजी पेनड्राइव्ह वापरा. शनिवारी फाईल उतरवून घेतल्या की झालं.

• खूप स्वस्तात मोठं कार्ड मिळालं तर सावध. लिहिलेली जागा खरोखर असतेच असं नाही. बिल घेऊनच घ्या.

• कार्ड काढण्याआधी सेटिंगमधून 'इजेक्ट' करा.

पालकांनो, तुमच्याही मोबाईलमध्ये लेकराच्या अभ्यासाचे व्हिडिओ असतील. पुसण्याआधी एकदा त्यालाच विचारा, 'यातलं काय ठेवू?' कोणता पाठ त्याला आवडला हेही कळेल.

आज शाळा सुटल्यावर अर्धा तास काढा. सुरुवात तिसऱ्या ढिगापासून करा. जागा नंतरही होईल, ते आवाज मात्र पुन्हा मिळणार नाहीत.