खड्ड्यावरची फरशी

खाप्याच्या आमच्या घरात दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक फरशी बाकीच्यांपेक्षा बोटभर वर आहे. नवा पाहुणा हमखास तिला ठेचकाळतो. घरचे लोक न बघता वळसा घालतात. खाली खड्डा आहे, बसलेल्या माणसाचे पाय मावतील एवढाच. आमचे आजोबा, आबाजी, त्यात पाय सोडून बसत, पायांनी पावड्या दाबत आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकत. खड्डामाग म्हणतात त्याला. माग गेला, त्याचं लाकूड दोन-तीन हिवाळे चुलीला पुरलं, फणी माळ्यावर धूळ खात पडली. खड्डा तेवढा राहिला. वडिलांनी तो बुजवला का नाही, असं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, बुजवायला गाडीभर मुरूम लागतो, झाकायला एक फरशी पुरते.

खापा नागपूरच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात, कन्हानच्या उंच काठावर वसलेलं आहे. गाव म्हणावं तर नगर परिषद आहे, शहर म्हणावं तर गल्लीत म्हशी आहेत. नगरपालिका मात्र जुनी, १८६७ सालची. १९०१च्या खानेसुमारीत इथे ७,६१५ माणसं मोजली गेली, आणि त्यातल्या किती घरांतून खटखट ऐकू येत असेल याचा अंदाज जुन्या गल्ल्यांच्या बांधणीवरूनच करता येतो. कोष्टी, हलबा, साळी यांच्या गल्ल्या लांब आणि सरळ. पाजणीसाठी ताणा रस्त्यावर ताणावा लागे, त्याला खळ द्यायची, कुंचा फिरवायचा, ऊन चढायच्या आत उरकायचं. म्हणजे रस्ता हाही कारखान्याचाच भाग होता. घर राहण्यासाठी नव्हतंच. माग बसवून उरलेल्या जागेत माणसं राहत.

नगरपालिका झाली आणि दहा वर्षांत, १ जानेवारी १८७७ला, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. खाप्याच्या मागाला बसलेला पहिला मोठा धक्का तो. तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीसारखं कुणी कुणाला घरात बसा म्हटलं नव्हतं. उलट घरात बसून केलेल्या कामाला गिऱ्हाईक उरेना. कोष्ट्यांनी काय केलं? गिरणीचंच सूत आणलं आणि गिरणीला न जमणारे काठ विणले. पुढे तेही पुरेना तसे एकेका घरातले लोक बाहेर पडले. कुणी गिरणीत गेलं, कुणी जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत, कुणी मास्तर झालं. काम घराबाहेर गेलं हीच आमच्याकडे प्रगतीची खूण. ‘त्यायच्या घरी आता माग नाही’ हे वाक्य सोयरीक जुळवताना कौतुकानं बोललं जाई.

२१ मार्च २०२०ला, शनिवारी, मी दोन दिवसांसाठी खाप्याला गेलो. बुधवारी गुढीपाडवा होता, पण मला सोमवारी परतायचं होतं. रविवारी जनता कर्फ्यू, संध्याकाळी थाळ्या. मंगळवारी रात्री टाळेबंदीची घोषणा झाली. पाडव्याची गुढी उभारली तेव्हा गाठी नव्हत्या, कारण साखरेच्या गाठी कुणी आणून ठेवल्याच नव्हत्या. मोठ्या मायनं तारेला शंकरपाळे ओवले. त्या दोन दिवसांचे पाच महिने झाले.

माझी कंपनी नागपूरची. तिनं कळवलं, घरूनच काम करा. सबंध घरात मोबाइलची रेंज कुठे मिळते याचा शोध दोन दिवस चालला. गच्चीवर मिळायची, पण विदर्भातल्या एप्रिलमध्ये गच्चीवर बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अखेर ती मिळाली दाराशी, डाव्या हाताला, त्या उचललेल्या फरशीवर. खुर्ची टाकली तर रस्त्याच्या उजेडानं स्क्रीन दिसेना. मांडी घातली तर पाठ भरून यायची. चौथ्या दिवशी मी आणि चुलतभावानं मिळून फरशी उचलली. आत दोन पालींची अंडी, एक फुटकी कांडी आणि कधीकाळचं चार आण्याचं नाणं. मी पाय सोडून बसलो, लॅपटॉप समोर जमिनीवर. उंची जमली. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तेव्हा सगळ्या घरात फक्त माझे तळपाय थंड होते.

मोठी माय उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. फोनवर मी कुणाला तरी ‘वर्क फ्रॉम होम’ समजावत होतो. ते ऐकून तिनं विचारलं, “म्हंजे घरीच काम करायचं, अन् पगार भेटते?” मी हो म्हणालो. “आम्ही तं जलमभर घरीच काम केलं,” ती म्हणाली, “कांड्या भरल्या, ताणा धरला, सैपाक केला. आमाले कोनी देल्ला नाही.” तक्रारीचा सूर नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसं बोलली. माग चालवणारा कोष्टी असं आपण लिहितो, पण एका मागामागे दोन-तीन जणांचे हात लागायचे, आणि त्यातले बरेचसे बायांचे. त्यांची मजुरी लुगड्याच्या किमतीतच धरलेली, म्हणजे कुठेच धरलेली नाही.

चुलतभावाचं बिछायत केंद्र आहे. गाद्या, सतरंज्या, मांडवाचे पडदे, स्टीलच्या कढया, नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या. वर्षाची कमाई उन्हाळ्यातल्या लग्नांवर. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंतच्या तारखा वहीत भरल्या होत्या, विसार घेतले होते. मग एकेक फोन येऊ लागला. विसार परत मागायची कुणाची छाती होत नव्हती आणि द्यायला त्याच्याकडे नव्हता. दोन्ही बाजूंनी नुसतं विचारलं जायचं, “मग कसं करायचं जी?” आणि दोन्ही बाजूंनी उत्तर यायचं, “पाहू ना जी.” त्या ‘पाहू’वर खाप्यातले किती व्यवहार त्या उन्हाळ्यात तरले असतील याला गणती नाही. पुढे पन्नास माणसांत लग्न करायची परवानगी मिळाली, पण पन्नास माणसांना बिछायत कशाला लागते? घरच्या चटया पुरतात.

आठ-दहा दिवस तो गाद्यांच्या ढिगावर पडून छताकडे बघत राहिला. मग नदीपलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून वांगी, सांबार, चवळीच्या शेंगा घेऊन आला. सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्या वाचकानं डोशाबरोबरचं समजू नये. मांडवाचा पडदा जमिनीवर अंथरला, त्यावर भाजी मांडली आणि तो बसला कुठे, तर खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून. पोलिसांची गाडी फिरायच्या आत, सकाळी सहा ते दहा, तो. दहा ते सहा मी. एका खड्ड्यात दोन पाळ्या चालल्या. आबाजींच्या काळीही एवढा वापर झाला नसावा.

बाजार बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे मला त्या पडद्यावरच्या वांग्यांनी शिकवलं. बाजार घरांमध्ये शिरला. आमच्या गल्लीत महिनाभरात ओसऱ्या उघडू लागल्या. सावजी भोजनालय चालवणाऱ्यानं मसाला कांडून पुड्या बांधून विकायला सुरुवात केली. सावजी हा मूळचा हलबा-कोष्ट्यांच्याच चुलीवरचा स्वयंपाक, तो मधल्या काळात हॉटेलात गेला होता, तो पुन्हा पाट्यावर आला. शिंप्याकडे ब्लाउज कुणी टाकेना. त्यानं अस्तराच्या कापडाचे मास्क शिवले, आणि बचत गटाच्या बायाही तेच शिवू लागल्या तेव्हा कुरकुरला, “आता टाचनीचंही काम त्यायच्याकडेच का?” शाळेचा रिक्षावाला गहू दळून आणून द्यायचा, डब्यामागे पाच रुपये. या सगळ्यांच्या घरांना अशी एक खोली होतीच, रस्त्याकडे तोंड केलेली, जिला आपण अलीकडे ‘हॉल’ म्हणायला लागलो होतो.

न्हाव्याची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या धंद्याला अंतर परवडत नाही. दुकानाचं शटर खाली. तो पहाटे साडेपाचला पिशवीत कात्री घालून मागच्या बोळानं यायचा. वडिलांनी त्याला अंगणात, तुळशीपलीकडे बसवायचं ठरवलं, म्हणजे दोघांच्याही मनाला बरं. दोघांच्या तोंडाला रुमाल, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा वडिलांची कटिंग गप्पांशिवाय झाली. २८ जूनपासून सरकारनं केशकर्तनालयं उघडू दिली, पण केस कापायचे, दाढी करायची नाही, अशी अट होती. “अर्धा धंदा उघडला,” तो म्हणाला, “मिशी कोनत्या अर्ध्यात येते ते पाहावं लागंन.”

उधारीबद्दल मात्र विनोद सुचत नाही. आमच्या किराणावाल्याची लाल वही एप्रिल संपायच्या आत भरली, त्यानं निळी काढली. त्याला स्वतःला नागपुरातल्या इतवारीच्या ठोक व्यापाऱ्याचं देणं होतं, आणि ठोकवाला रोख मागू लागला होता. सरकारी मदत आलीच नाही असं कुणी म्हणू नये. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य आलं, बायांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये पडले, शिवभोजनाची थाळी दहाची पाचला झाली. बँकेसमोर चुन्याचे गोल आखले होते, आणि उन्हात त्या गोलांमध्ये माणसांऐवजी चपला उभ्या असायच्या. माणसं पलीकडे कडुनिंबाखाली, खांद्याला खांदा लावून. तरी तेल, मीठ, तिखट, साबण, मोबाइलचा रिचार्ज हे सगळं निळ्या वहीतच. तिच्यात नाव असलेल्या एकालाही त्या किराणावाल्यानं त्या उन्हाळ्यात रिकाम्या हातानं परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. भाव मात्र वाढवून लावले, तेही पाहिलं. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एक गाळता येत नाही.

तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. मृग बहाराचा उरलासुरला माल झाडावर होता आणि नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात गाडी नेणं अवघड झालं होतं. लोकांनी वाटली, गुरांनी खाल्ली, उरली ती झाडाखालीच सडली. संध्याकाळी वारा तिकडून आला की सगळ्या गावाला आंबूस गोड वास यायचा. सीमा बंद झाल्यानं पलीकडचं सौंसर एकाएकी परमुलूख झालं. मध्य प्रदेशात असलं तरी तिथे मराठी बोलतात, आमच्याकडच्या किती लेकी तिथे दिल्यात. एका शेजारणीच्या मुलीचं पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. आजीनं नातू पाहिला तो फोनवर, तोही आमच्या दाराशी येऊन, कारण रेंज इथेच. मी मीटिंग थांबवून खड्ड्यातून उठलो, तिला बसवलं. तिला पाय सोडून बसायचं कुणी सांगावं लागलं नाही.

या सगळ्यात मागाचं काय? काही माग गावात अजून आहेत. तेही थांबले. गंमत अशी, की घरकोंडीत ज्याचं काम सर्वांत सुरळीत चालावं तो विणकरच. घर हाच त्याचा कारखाना, माणसं घरचीच. पण सुताचे गठ्ठे येईनात आणि तयार कापड उचलायला कुणी येईना. मी एका ओळखीच्या म्हाताऱ्या विणकराला हे म्हणालो. तो हसला. “घरात बसलो म्हणून काय घरचं सूत आहे काय बावा?” सकाळी फिरायला निघालो की त्या लांब, सरळ गल्ल्या रिकाम्या दिसत. गाडी नाही, माणूस नाही, इतका मोकळा रस्ता पाजणीवाल्यांना कधी मिळाला नसेल. ताणायला ताणा नव्हता.

२७ जुलैला दिल्लीत केंद्र सरकारनं अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं. अकराच दिवसांनी, ७ ऑगस्टला, राष्ट्रीय हातमाग दिवस होता. आमच्या गल्लीत या दोन्ही तारखा कुणाला कळल्या नाहीत, आणि त्याचं मला फारसं नवल वाटत नाही.

१८ ऑगस्टला पोळा आला. बैल दारोदार फिरले, तोरण झालं नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपुरात त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते; काळी १८८१पासून, पिवळी १८८५पासून. गावातली इडापिडा, रोगराई तिच्याबरोबर वेशीबाहेर काढायची. त्या वर्षी मिरवणूक निघाली नाही. रोगराईला हाकलण्याचा दिवस रोगराईनंच चुकवला. मोठी माय म्हणाली, “मंग ते आता वर्षभर गावातच ऱ्हायते.” मी तिला विषाणू वगैरे समजावलं. १९१८च्या इन्फ्लुएंझात आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात देशातल्या सर्वाधिक मृत्यूदरांपैकी एक नोंदला गेला होता, तेव्हा तर मारबत निघत होती, असंही सांगितलं. ती गप्प राहिली. पुढच्या एप्रिलमध्ये ती म्हणाली होती तेच खरं ठरल्यासारखं झालं. त्या महिन्यात आमच्या गल्लीतून नागपूरला तीन ॲम्ब्युलन्स गेल्या आणि एक माणूस परत आला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. निळ्या वहीतली दोन नावं किराणावाल्यानं रेघ मारून मिटवली, रक्कम न घेता, एवढं मला माहीत आहे.

२० ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली, त्याच आठवड्यात मीही निघालो. कन्हान फुगली होती. महिना संपताना तिला आणि पेंचेला मोठा पूर आला, तो मी नागपुरातून टीव्हीवर पाहिला.

चुलतभावाची बिछायत पुन्हा सुरू झाली. २०२१चा उन्हाळाही हातचा गेला, पण त्यानंतर मांडव लागले. भाजी त्यानं लगेच सोडली नाही. सकाळचे चार तास आता त्याची बायको बसते. गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पुढच्या खोलीत चकचकीत टाइल्स लावायचं घरात ठरलं. मिस्त्री आला, त्यानं फरशी उचलली, खड्ड्यात पाय घालून पाहिला आणि एक ट्रॉली मुरूम सांगितला. मुरूम आला. लग्न झालं ते जुन्याच फरशीवर, पाहुणे ठेचकाळत. मी गेलो तेव्हा मुरमाचा ढीग दाराबाहेर तसाच होता, पावसानं अर्धा वाहून गेलेला, वर शेजारची पोट्टी घसरगुंडी खेळत होती. चुलतभावाला विचारलं.

“टाकू ना जी,” तो म्हणाला, “सीझन निघू द्या.”