डिस्चार्जची मर्यादा आणि पेटीतला दुबळा गट

विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी किती रिकामी होऊ द्यावी, या प्रश्नाचे उत्तर हँडलवरच्या मीटरमध्ये सापडत नाही. ते बॅटरीतल्या एकेका सेलच्या व्होल्टेजमध्ये शोधावे लागते. 36 व्होल्टच्या नेहमीच्या पेटीत लिथियम-आयन सेलचे 10 गट एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्ट दाखवतो, म्हणून भरलेली पेटी 42 व्होल्टची होते. खालची मर्यादा उत्पादक साधारणपणे 2.5 ते 3 व्होल्टच्या दरम्यान ठरवतात, पण रोजच्या वापरात 3 व्होल्टच्या खाली न उतरणेच हिताचे असते. त्याहून फार खाली गेलेल्या सेलमध्ये ऋणाग्राचा तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको त्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकते, म्हणजे अतिडिस्चार्जचा खरा धोका पुढच्या चार्जिंगच्या वेळी उभा राहतो.

प्रस्तुत लेखकाला या मर्यादेचा प्रत्यय बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवर आला. देवनहळ्ळीहून निघालेली सायकल पायथ्यापर्यंत सुरळीत चालली. पुढे सुमारे 500 मीटरची चढण होती. सायकल आणि स्वार मिळून 110 किलो वजन तेवढ्या उंचीवर न्यायला, मोटरमधला अपव्यय न धरताही, 150 वॉट-तास ऊर्जा लागते, आणि 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या पेटीत मुळात 360 वॉट-तासच असतात. तरीही मीटर पाव बॅटरी शिल्लक दाखवत असताना मोटर एकाएकी बंद पडली, थोड्या विश्रांतीनंतर सुरू झाली आणि पुढच्याच वळणावर पुन्हा थांबली.

शहरातल्या एस. पी. रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या जुन्या बाजारात, पेटी उघडली गेली तेव्हा कारण समोर आले. निळे प्लास्टिकचे आवरण कापून कारागिराने निकेलच्या पट्ट्यांवर मल्टिमीटरच्या पिना एकेक गट धरत टेकवल्या: नऊ गट 3.5 व्होल्टच्या आसपास, एक मात्र 3.0 वर. बेरीज 34.5 व्होल्ट, म्हणजे पेटी एकंदरीत ठीकच दिसत होती; परंतु चढावर मोटर जास्त प्रवाह खेचते, त्या भाराखाली प्रत्येक सेलचे व्होल्टेज तात्पुरते दबते आणि दुबळा गट सर्वांत आधी मर्यादेखाली जातो. बीएमएस, म्हणजे प्रत्येक गटावर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट, अशा वेळी पुरवठा तोडते. भार हटताच व्होल्टेज वर येते, म्हणून सायकल पुन्हा चालू होते. जिला बिघाड समजले गेले ती वस्तुतः राखण होती.

त्यानंतर कारागिराने सुचवलेला उपाय मात्र चिंताजनक होता: बीएमएस ‘डायरेक्ट’ करायचे, म्हणजे त्याला बगल देऊन तार थेट जोडायची. असे केल्यावर सायकल थांबत नाही हे खरे; पण मग दुबळा गट शून्याकडे, आणि बाकीचे नऊ गट रेटत राहिल्यास उलट ध्रुवतेकडेही, ढकलला जातो. तो उपाय नाकारून गट बदलून घेतला गेला. नवे सेल त्याच क्षमतेचे आणि इतर गटांच्या व्होल्टेजला आणून मगच जोडले गेले, हे महत्त्वाचे.

विजेवरच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटनांनंतर 2022 मध्ये वाहनांच्या बॅटरीचे एआयएस-156 हे मानक कडक करण्यात आले. तथापि 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल कायद्याने मोटार वाहन ठरत नाही, त्यामुळे तिच्या पेटीची काळजी बहुतांशी मालकावरच येते. पेटी रिकामी ठेवून गावी जाऊ नये, कारण सेल आपोआप आणि बीएमएसमुळेही हळूहळू उतरतात. अर्धी भरून ठेवावी. आणि चढावर सायकल वारंवार थांबू लागली, तर बीएमएस काढून टाकण्याआधी दहाही गटांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजून घ्यावे, एवढी वाचकांना कळकळीची विनंती.