एक्सपी आणि अकरा यांचा अबोला

आमच्या घरात तीन कॉम्प्युटर आहेत आणि गेल्या दिवाळीनंतर त्यातल्या दोघांचं बोलणं बंद झालं. माणसांचा अबोला असता तर आजीने दोन दिवसांत मिटवला असता. पण इथे एका बाजूला काकांचा विंडोज एक्सपी आणि दुसऱ्या बाजूला बाबांनी नुकताच घेतलेला विंडोज ११! मध्ये पडायला मी. 'तू इंजिनीअर ना?' या एका वाक्यावर घरोघरी किती पंखे, मिक्सर आणि मोबाईल आपल्या गळ्यात पडतात ते तुम्हाला माहीत आहेच. (मी ई अँड टीसीची आहे. त्यामुळे मला मिक्सरही येतो असा आमच्या बिल्डिंगचा समज आहे.)

हॉस्टेलवाल्यांना फाइल शेअरिंगचं महत्त्व सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी विंग एकाच फाइलवर जगते. पण आमच्या घरी त्यावर खरोखरच पोट आहे. म्हणून हे जरा सविस्तर सांगते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांवर.

आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटला, श्रीनगरला राहतो. एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. इथले रस्ते नावांनी नाही, नंबरांनी ओळखतात. रोड नंबर सोळा, बावीस, अठ्ठावीस... रिक्षावाल्याला एवढंच सांगायचं. आज एका बाजूला काचेचे आयटी पार्क आणि त्याला चिकटून पत्र्याचं छप्पर असलेला गाळा, असं सगळं चालू असतं. त्यातल्याच एका गाळ्यात बाबा आणि काका प्रेस टूलचं जॉबवर्क करतात. म्हणजे पत्र्याचे पार्ट कापायला लागणारे डाय आणि पंच. गाळ्यात धूळ आणि ऑइल, म्हणून कॉम्प्युटरचं सगळं काम घरी, हॉलच्या कोपऱ्यात.

तो कोपरा म्हणजे म्युझियम आहे. काकांचा एक्सपीवाला टॉवर, त्यात त्यांचा जुना ड्रॉइंगचा प्रोग्रॅम. प्रोग्रॅमचं डोंगल मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं, आणि असा पोर्ट आता नवीन कॉम्प्युटरवर शोधूनही सापडत नाही. म्हणजे एक्सपी गेला की प्रोग्रॅम गेला, आणि प्रोग्रॅम गेला की काकांनी पंधरा-सोळा वर्षांत काढलेली ड्रॉइंग्ज नुसती बघायची पंचाईत. शेजारी बाबांचा विंडोज ७, बिलं आणि चलनांसाठी. आणि शनिवार-रविवारी मी घरी आले की माझा लॅपटॉप. काका ड्रॉइंग काढायचे, विंडोज ७ च्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकायचे, बाबा ते वायरकटवाल्याला मेल करायचे. कोणी कधी त्याचा विचारही केला नाही.

दिवाळीनंतर विंडोज ७ चा मदरबोर्ड गेला. नवीन कॉम्प्युटर आला, सुंदर, बारीक, आवाज नाही. फक्त त्याला एक्सपी दिसेना. मग पेन ड्राइव्ह सुरू झाला, आणि पेन ड्राइव्हबरोबर गोंधळ. एकाच डायची तीन-तीन ड्रॉइंग्ज, नावं सारखीच. बाबांनी तारीख बघून 'लेटेस्ट' फाइल वायरकटला पाठवली. ब्लॉक कापून आला आणि एक होल अर्धा मिलिमीटर बाजूला. हार्डनिंग केलेला एचसीएचसीआरचा ब्लॉक होता. त्याला काही उपाय नाही, भंगारातच जातो. पार्टीला तारीख दिलेली. त्या रात्री घरात जेवताना कोणी बोललं नाही, आणि मला फोन आला, "शनिवारी ये गं, ते कॉम्प्युटरचं बघ एकदा."

मी आले. पहिलं काम म्हणजे तारखेचा छडा लावणं. एक्सपी सुरू करताना काका दर वेळी एफ-वन दाबत होते. का? "तो मागतो म्हणून!" मदरबोर्डवरचा सेल संपला होता. त्यामुळे प्लग काढून घातला की एक्सपीच्या मते १ जानेवारी २००५! म्हणजे मागच्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या ड्रॉइंगवर २००५ ची तारीख, आणि सेल चालू असतानाच्या जुन्या ड्रॉइंगवर २०१९ ची. बाबांनी बिचाऱ्यांनी बरोबर वाचलं होतं. घड्याळच खोटं बोलत होतं. सीआर २०३२ चा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो, अगदी किरकोळ किमतीत. तो बदलला. एवढ्याशा सेलने एक आख्खा ब्लॉक खाल्ला.

मग अबोल्याकडे वळले. आपल्याला लॅबमध्ये शिकवतात तसं खालून वर जायचं. केबल लावल्यावर पोर्टचा दिवा लागतो का? लागतो. पिंगला उत्तर येतं का? येतं. म्हणजे तारा, राउटर, आयपी सगळं ठीक. वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे एकच. एक्सपीच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगला परवानगी आहे. काकांच्या अकाउंटला पासवर्डच नव्हता, आणि एक्सपी प्रोफेशनल पासवर्ड नसलेल्या अकाउंटला नेटवर्कवरून आत घेत नाही, म्हणून तोही ठेवला. (काकांनी तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. असो.)

मध्येच एक गंमत. काकांच्या 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये कोण कोण दिसतं ती यादी हे जुने कॉम्प्युटर चक्क निवडणूक घेऊन एका मशीनकडे सोपवतात. त्याला 'मास्टर ब्राउझर' म्हणतात. प्रत्येक मशीन दर १२ मिनिटांनी 'मी आहे' असं ओरडतं. तीन वेळा आवाज आला नाही की मगच नाव कापलं जातं. त्यामुळे विंडोज ७ मेला तरी अर्धा-पाऊण तास त्याचं नाव यादीत होतं. आपल्या मतदार याद्यांपेक्षा हे बरंच म्हणायचं.

नावाच्या भानगडीत न पडता मी नवीन कॉम्प्युटरवर सरळ एक्सपीचा आयपी टाकला. तेव्हा खरं उत्तर मिळालं. हे शेअर जुनाट एसएमबी१ प्रोटोकॉल मागतंय, तो असुरक्षित आहे, मी जोडणार नाही.

एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा. मूळ १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली. दोन कॉम्प्युटर भेटले की पहिला दुसऱ्याला यादी देतो, मला या-या बोली येतात. दुसरा त्यातली सगळ्यात नवीन, स्वतःला येणारी बोली निवडतो. आपल्या पुस्तकात याला खरोखरच 'डायलेक्ट' म्हटलंय! एक्सपीला फक्त पहिली बोली येते. व्हिस्टापासून दुसरी आली, विंडोज ८ पासून तिसरी. विंडोज ७ ला पहिली आणि दुसरी दोन्ही येत होत्या. म्हणजे इतकी वर्षं तो बिलं करता करता आमचा दुभाषी होता, आणि ते कळलं तो गेल्यावर. विंडोज १० च्या २०१७ च्या अखेरीच्या आवृत्तीपासून पहिली बोली आपोआप बाजूला ठेवली जाऊ लागली.

बाबांनी आधीच एका रिपेअरवाल्याला विचारलं होतं. त्याचा उपाय दोन मिनिटांचा. 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी १ च्या चौकटीत टिक करायची, रीस्टार्ट, झालं. आणि ते चालतंही! म्हणूनच मला त्याची भीती वाटली. मी म्हटलं, ही टिक मी करणार नाही. बाबा वैतागले. "अगं, घरातलेच दोन कॉम्प्युटर आहेत. इथे कोण चोर येणार आहे?"

मी त्यांना २०१७ सांगितलं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडून एक हत्यार फुटलं, ते नेमकं या पहिल्या बोलीतल्या भोकातून घुसायचं. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' त्यावर बसून जगभर पसरला. इंग्लंडमधली हॉस्पिटलं अडली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. कोणी लिंक उघडायची गरज नव्हती, तो एका मशीनवरून दुसरीवर आपणच चालत जायचा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून त्याच्यासाठी पॅच काढावा लागला. (काकांना आवडेल अशी गोष्ट: वॉनाक्रायचा मोठा फटका विंडोज ७ ला बसला. एक्सपी बहुतेक वेळा लागण होण्याआधीच निळा पडदा दाखवून आडवा व्हायचा!) मग जून अखेरीस 'नॉटपेट्या' आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांमध्ये हेही भोक होतं. तेव्हा इथे खाडीपलीकडे, न्हावा शेव्याला, जेएनपीटीमधल्या एका टर्मिनलची यंत्रणा बंद पडली आणि कंटेनरचं काम हाताने करायची वेळ आली. हे नाव ऐकल्यावर बाबा थांबले. पार्टीचा माल त्याच बंदरातून जातो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर नव्या कॉम्प्युटरवर फक्त 'क्लायंट'ची टिक केली आणि 'सर्व्हर'ची नाही, तर धोका बराच कमी होतो. पण खरी अडचण एक्सपीच होती. तो त्याच राउटरवर, इंटरनेटला जोडलेला, २०१७ चा पॅचसुद्धा न बसवलेला. उद्या माझ्या लॅपटॉपमधून हॉस्टेलचा एखादा पाहुणा घरी आला तर? (आपल्या विंगमधले पेन ड्राइव्ह आठवा.)

"मग फेकून देऊ का हा?" काकांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं. याला मात्र माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. 'अपग्रेड करा' हे सांगायला काय जातं? नवीन ड्रॉइंग सॉफ्टवेअरचं लायसन दर वर्षी भरायचं, आणि पन्नाशी उलटल्यावर ते शिकायचं. काकांचा हात त्या प्रोग्रॅमवर असा चालतो की ते स्क्रीनकडे नाही, कीबोर्डकडे नाही, समोरच्या पार्टकडे बघत ड्रॉइंग काढतात. मशीन जुनी आहे म्हणून गाळ्यात कोणी लेथ टाकून देत नाही. बेअरिंग बदलतात.

म्हणून ठरवलं, नवीन दुभाषी आणायचा. माझा बारावीतला लॅपटॉप पडून होता, बॅटरी गेलेली, स्क्रीनला रेघ. त्यावर हलकंसं लिनक्स टाकलं आणि 'सांबा' बसवलं. सांबा हे एसएमबी बोलणारं फुकट सॉफ्टवेअर. त्याची गोष्ट मला फार आवडली. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास ते सुरू केलं. नावासाठी त्याने डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं ओळीने येणारे शब्द शोधले. आणि भाषा शिकायची त्याची पद्धत म्हणजे, परक्या देशात कॅफेत बसून वेटर आणि गिऱ्हाईक काय बोलतात ते ऐकत राहायचं. तसं त्याने तारेवरून दोन मशीन काय बोलतात ते ऐकलं. मी गाळ्यातलं मराठी असंच शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड होता. 'क्लिअरन्स किती सोडलास', 'बर काढ', 'पंच बसला' हे सगळं सुट्टीत स्टुलावर बसून ऐकलेलं.

आता जोडणी अशी. एक्सपीची केबल राउटरमधून काढली आणि थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घातली. दोघांना हाताने आयपी दिले. एक्सपीला आता जगात लॅपटॉपशिवाय कोणी दिसत नाही. लॅपटॉप वायफायने राउटरला जोडलेला, पण इकडचं तिकडे पाठवणं बंद. नवीन सांबा पहिली बोली आपणहून बोलत नाही (२०१९ पासून), म्हणून किमान प्रोटोकॉल 'एनटी१' असा लिहावा लागला. तरीही एक्सपी पासवर्ड चुकीचा म्हणत राहिला. ही गाठ सुटायला रविवारची दुपार गेली. पासवर्ड बरोबर होता, तो पाठवायची एक्सपीची पद्धत जुनी होती. एक्सपीच्या रजिस्ट्रीत एलएम कॉम्पॅटिबिलिटीचा आकडा ० चा ३ केला आणि फोल्डर उघडलं. विंडोज ११ त्याच लॅपटॉपशी तिसऱ्या बोलीत बोलतो. त्याच्यावर एकही टिक नाही.

कोणी म्हणेल, सांबात भोकं नाहीत का? मे २०१७ मध्येच एक मोठं सापडलं होतं. पण ते बुजवलं गेलं आणि पुढचं बुजवायला आजही माणसं बसलेली आहेत. एक्सपीसाठी कोणी बसलेलं नाही.

एक्सपीला २०१७ चा पॅच मी पेन ड्राइव्हने बसवला. त्याआधी पेन ड्राइव्ह लिनक्सवर धुऊन घेतला. मग काकांना म्हटलं, तुम्ही फक्त 'सेव्ह' करा, बाकी ते पोचेल. त्यांनी एक जुनं ड्रॉइंग उघडलं, एक माप बदललं, सेव्ह केलं. बाबांच्या स्क्रीनवर ते दिसलं, आजच्या तारखेसह. बाबांनी आधी तारीखच वाचली, मोठ्याने.

रात्री जुनी सगळी ड्रॉइंग्ज लॅपटॉपवर आणि तिथून एका एक्स्टर्नल डिस्कवर घेतली. एक्सपीची हार्ड डिस्क मधूनमधून टकटक करते, तिचा भरवसा नाही. कॉपी होताना एकेक नाव सरकत होतं आणि काका शेजारी खुर्ची ओढून बसले. हा पंख्याच्या ब्रॅकेटचा. हा कुलपाच्या पट्टीचा, ती कंपनी रोड नंबर बावीसला होती, आता तिथे टॉवर आहे. हा तुझ्या जन्माच्या वर्षीचा आहे बघ, तेव्हा हाताने काढला होता, नंतर उतरवून घेतला. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

डोंगलचा प्रश्न अजून तसाच आहे. ते गेलं तर ड्रॉइंग्ज असूनही उघडणार नाहीत. म्हणून काका आता रोज दहा-दहा डीएक्सएफ फॉरमॅटमध्ये काढून ठेवतात. मागच्या रविवारी फोनवर म्हणाले, दोनशे दहा झाली.